शाळा झालेले कपाट

मी एक जुने कपाट आहे. कपाटाने शाळेच्या गोष्टी सांगाव्यात याचे तुम्हांला नवल वाटेल, मित्रांनो. पण एक अख्खे वर्ष मी शाळाच होते.

माझा जन्म पॅराग्वे नदीकाठच्या पिलार गावचा. पोलिकार्पो सुताराने लालसर, सुवासिक लाकूड तीन वर्षे वाळवले आणि मग माझी दोन उंच दारे घडवली. ती इतकी सपाट होती की पट्टी टेकवली तर तिच्याखालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नसे. मालकीण मला दर शनिवारी मेण लावून घासत असे. पुराच्या वर्षी तिने मला विटांवर चढवले, तरी माझे पाय भिजलेच. पुढे मालकीण गेली. तिच्या दोन मुलींचे कपडे माझ्यात राहिले. थोरली देल्फिना सहावीला शिकवत असे आणि कांदे नावाची धाकटी घरी शिवणकाम करी. कपडे काढायचे, दार लावायचे, इतकाच त्यांचा माझा संबंध. मेणाचा डबा कुठे गेला कोणास ठाऊक.

मग साथ आली आणि शाळांना कुलपे लागली. देल्फिनाबाई फोनवरून मुलांना बोललेले धडे पाठवू लागल्या. मे महिन्यात मुख्याध्यापिकांचा निरोप आला. पुढच्या शुक्रवारी निरीक्षक प्रत्येक शिक्षकाचा ऑनलाइन तास पाहणार होते. ज्यांना जमणार नाही, त्यांचा वर्ग राजधानीतल्या एका शिक्षकाकडे जाणार होता.

"माझी तेवीस मुलं!" बाई म्हणाल्या. "आरामी कधी खरं उत्तर देते आणि कधी अंदाजपंचे, हे त्या माणसाला कसं कळणार?"

"ते खरं गं ताई," कांदे तेरेरेचा, म्हणजे पानांच्या थंडगार चहाचा, पेला पुढे करत म्हणाली, "पण फळा कुठाय तुझ्याकडे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. कित्येक वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे नीट पाहिले.

गुळगुळीत लाकडावर खडू घसरतो, म्हणून त्यांनी आधी माझे उरलेसुरले मेण खरवडले आणि मला पॉलिशपेपरने घासले. काळ्या रंगात प्लॅस्टरची बारीक भुकटी मिसळली आणि तीन हात दिले.

"आईचं कपाट!" कांदे ओरडली. "उद्या मलाही काळं रंगवशील!"

"तू हलतेस. फळ्याला हलून चालत नाही."

बाईंनी मोसंब्यांच्या खोक्यावर फोन ठेवला, माझ्यावर एक शब्द लिहिला आणि फोनमध्ये डोकावल्या. तिथे अक्षरे उलटी होती, आरशात दिसतात तशी.

"अगं बाई! मुलांनाही असंच दिसणार!"

खरे तर फोन हा आरशाचा खेळ फक्त समोर उभे राहणाऱ्याशी करतो. पलीकडच्यांना सरळच दिसते. पण हे आम्हां तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आठवडाभर बाई उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरे काढायला शिकल्या. शेकडो ओळी मी अंगावर घेतल्या. गुरुवारी अखेर फोनमध्ये अक्षरे सरळ दिसली, तेव्हा दोघी बहिणी टाळ्या वाजवत नाचल्या.

शुक्रवारी आठ वाजता फोनमध्ये तेवीस चेहरे उमटले. चोविसावा निरीक्षक इन्सफ्रान साहेबांचा होता. बाईंनी झरझर एक ओळ लिहिली : पान स्वतःचे अन्न कसे तयार करते?

तेवीस चेहरे पडद्याजवळ सरकले.

"बाई, ही कुठली भाषा?" आरामीने विचारले.

"बाई, तुम्ही फळ्याच्या मागे उभ्या आहात का?" मिल्सियादेस म्हणाला.

साहेब खाकरले. "बाई, अक्षरं उलटी आहेत."

कांदेने कपाळाला हात लावला. बाई वळल्या.

"उलटी आहेत खरी. चूक माझी. फोन मला आरशासारखं दाखवत होता. वाटलं, तुम्हालाही तसंच दिसतंय. म्हणून आठवडाभर बसून मी उलटं लिहायला शिकले."

मुले खो-खो हसली.

"झालं हसून? मग आज पानांना सुट्टी. माझं हे वाक्य मला वाचून दाखवा. कसं वाचायचं ते तुम्हीच शोधा. दहा मिनिटं!"

बघता बघता तेवीस चौकोन रिकामे झाले.

"मुलं गेली की हो!" साहेब म्हणाले.

"येतील," बाई म्हणाल्या. पण त्यांनी पाठ माझ्यावर टेकली, आणि ती घामाने भिजलेली होती.

सहाव्या मिनिटाला आरामीचा आवाज आला. "वाचलं! बाबांच्या मोटारसायकलच्या आरशात!" मिल्सियादेसने ती ओळ पातळ कागदावर उतरवून घेतली होती आणि कागद पालटून खिडकीशी धरला होता. नोएलियाने फोन पाण्याच्या टबावर उभा धरला होता. "बाई, अक्षरं सरळ झाली, पण डोक्यावर उभी आहेत!"

"मग पाण्याच्या आरशात आणि आरामीच्या आरशात फरक काय?" बाईंनी विचारले, आणि तेवीस जण एकदम बोलू लागले. पाऊण तासाचा तास दीड तास चालला. इन्सफ्रान साहेबही मध्येच उठले आणि बायकोचा हातआरसा घेऊन आले.

"मलाही जमलं," ते हळूच म्हणाले. "बाई, वर्ग तुमच्याकडेच राहील. फक्त सोमवारी सरळ लिहा."

"प्रयत्न करते, साहेब. आता हाताला उलटीच सवय लागलीय!"

त्या वर्षी तेवीसच्या तेवीस मुले पास झाली. शाळा उघडल्यावर ती सगळी मला पाहायला आली. आरामीने माझे दार उघडले आणि किंचाळली, "फळ्याच्या आत परकर!"

"लाव गं ते दार, चोंबडे!" कांदे म्हणाली. माझ्या अंगावर खडूने तेवीस नावे लिहिली गेली, आणि कांदेने ती पुसू दिली नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे जुने कपाट तुमच्या घरी असेल, तर मोडीत काढण्याआधी त्याच्या दारांवरून एकदा हात फिरवून पाहा. आणि कधी तुमच्या बाईंची चूक झाली, तर खुशाल हसा. पण हसून झाले की जागेवर बसून राहू नका. उठा, आणि आरसा शोधायला धावा.