तेवीस दिवसांची मापे

मोजल्यावाचून कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा एकतीस वर्षांचा शिरस्ता होता. पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी कक्षाची ती प्रमुख होती आणि तिच्या टेबलावरून गेल्याखेरीज एकही सुटा भाग जुळणीकडे जात नसे. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शासाठी ती अख्खी खेप माघारी पाठवी. म्हणून कामगारांनी मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून तिचे नाव मायक्रोनबाई ठेवले होते. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण तिला ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

एका सोमवारी सकाळी अंघोळ करताना तिच्या बोटाला काहीतरी कठीण लागले. सहा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढला होता; त्या व्रणाच्या बाहेरच्या टोकाशी, कातडीच्या आत, वाटाण्याएवढे. तिने पाणी बंद केले. पुन्हा बोट लावले. ते तिथेच होते. ती किंचाळली नाही, कोणाला हाक मारली नाही. अंग पुसून तिने टेबलाच्या खणातून प्लास्टिकचा कॅलिपर आणला. तिच्या नवऱ्याचे चष्म्यांचे दुकान होते आणि भिंगांची जाडी पाहायला तो असे दोन-तीन कॅलिपर बाळगून असे. त्याच्या जबड्यांत तिने ती गाठ धरली, वाचन घेतले आणि एका छोट्या वहीत तारीख घालून लिहिले : ९.२ मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी ९.१. तिसऱ्या दिवशी ९.२. चौथ्या दिवशी ९.०.

तिने स्वतःपुरता नियम ठरवला. तीस दिवस, तीस मापे, रोज एकाच वेळी, डावा हात डोक्यावर ठेवून. एक मिलिमीटरची वाढ दिसली तर डॉक्टर. न दिसल्यास तो जुन्या टाक्यांचाच एखादा गोळा समजायचा. कागदावर हे सारे व्यवस्थित दिसत होते. एकाच वाचनावर निकाल देऊ नये, हे ती इतरांना वर्षानुवर्षे शिकवत आली होती. फक्त, इतर कोणी इतक्या महत्त्वाच्या जागी इतक्या कच्च्या साधनाने मोजले असते तर तिने त्याला कक्षाबाहेर काढले असते, हा विचार तिने त्या वहीच्या आसपास फिरकू दिला नाही. भीतीला आडोसा हवा होता आणि पद्धतीइतका भक्कम आडोसा तिच्याकडे दुसरा नव्हता.

भीतीला चेहराही होता. सहा वर्षांपूर्वी केमोथेरपीसाठी हाताला सुई लावून तासन् तास बसावे लागे त्या दालनात शेजारच्या खुर्चीवर एक बाई येत असे. सगळे तिला हसरी म्हणत. हसरीचे उपचार आधीच पूर्ण झाले होते, पण दुखणे परतले म्हणून ती पुन्हा येऊ लागली होती. एका आठवड्यात ती आली नाही, पुढच्याही नाही आणि मग त्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसले. हसरीने नवी गाठ आठ महिने घरात लपवली होती, असे नर्सने तेव्हा सांगितले होते. गंमत अशी, की मायक्रोनबाईच्या आठवणीत दुखणे परतले आणि हसरी गेली एवढेच राहिले होते. मधले आठ महिने गळून पडले होते.

दहाव्या दिवशी नवऱ्याने विचारले, "अगं, खणातला कॅलिपर घेतलास का? एक कमी आहे."

"शेल्फाचे स्क्रू मोजायचे होते."

"कुठल्या शेल्फाचे?"

"करून घेऊ एखादं."

"म्हणजे स्क्रू आधी आणि शेल्फ मागून!" तो हसला. "तरी बरं, अजून मला नापास केलं नाहीस."

तीही हसली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याने तिच्या वार्षिक तपासणीच्या तारखेभोवती लाल गोल काढला होता, तो आता दोन पानांमागे गेला होता. त्याने त्याबद्दल दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "कारखान्याचं ऑडिट होऊन जाऊ दे."

खालच्या मजल्यावर थोरली जाऊ राहत असे. ती इतक्या सहजी सुटू देणाऱ्यांतली नव्हती.

"तपासणीला जाऊन आलीस का गं?" तिने जिन्यातच अडवले.

"जाईन, वहिनी."

"जाईन म्हणजे कधी? तुझ्या कारखान्यात कोणी 'माल देईन' म्हणालं तर तू त्याला खुर्ची तरी देतेस का?"

"पुढच्या महिन्यात नक्की."

"तुझं तोंड पुढच्या महिन्यात म्हणतंय आणि पाय आत्ताच पळ काढतायत," जाऊ म्हणाली. पण तिच्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती, म्हणून बोलणे तिथेच थांबले.

तेविसाव्या दिवशी, मंगळवारी, पंपांना रबरी कड्या पुरवणारा माणूस तपासणी कक्षात आला. त्याची खेप तिने आदल्या दिवशी नापास केली होती. माणूस पन्नाशीचा, गोलमटोल आणि बोलण्यात पटाईत.

"बाई, तुमचं ते यंत्र आमच्यावर खार खाऊन आहे."

"यंत्राला राग-लोभ नसतो. ते कडीला हात न लावता तिची सावली मोजतं. तुमची कडी सहा मिलिमीटर जाड आहे, हवी साडेपाच."

"मग ही वही बघा." त्याने टेबलावर वही उघडली. "तीन आठवडे रोज मोजलंय. माणसाकरवी नाही, स्वतः, या हातानं. साडेपाच, साडेपाच, साडेपाच. एक दिवस चुकवला नाही!"

"कशानं मोजलंत?"

"कॅलिपरनं. दुसरं कशानं मोजणार?"

तिने त्याच्याच हातातला कॅलिपर घेतला आणि एक कडी जबड्यांत धरली. "हे बघा, साडेपाच. जरा आवळते. पाच. जरा सोडते. सहा. रबर मऊ असतं. तुम्हाला जे माप हवंय ते तुमचा अंगठा बरोबर आणून देतो. रोज एकच माप येतंय ते कडी चांगली आहे म्हणून नव्हे. रोज अंगठा तोच आहे म्हणून."

"म्हणजे मी खोटारडा झालो?"

"नाही हो. खोटं लिहिणारा माणूस मधेच एखादा आकडा बदलतो, संशय नको म्हणून. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. पण तुम्ही घाबरलेले आहात. माल परत येईल या भीतीनं तुम्ही तो दुसऱ्या कोणाला दाखवायचाच टाळलात आणि स्वतःच…"

तिने कॅलिपर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तिची स्वतःची वही पर्समध्ये, पर्स खुर्चीच्या पाठीला. त्या सकाळचे वाचन ९.१ होते.

"बाई, पाणी देऊ?" तो घाबरून उठला. "माल माझा नापास झाला आणि चक्कर तुम्हाला आली!"

"काही नाही. तुमच्या कड्यांचं उद्या बघू. आता मला एक फोन करायचाय."

तो गेल्यावर तिने दार लावून घेतले आणि रुग्णालयाचा क्रमांक फिरवला. पलीकडच्या मुलीने जुना नोंदणी क्रमांक विचारला. "वार्षिक तपासणी ना? पुढच्या महिन्यात एकोणीस तारीख देऊ?"

एकोणीस तारीख. हो म्हटले असते तर सर्व काही आहे तसेच राहिले असते आणि फोन केल्याचे समाधानही मिळाले असते. तिने डोळे मिटले.

"तपासणीसाठी नाही. व्रणाजवळ गाठ लागतेय."

हे शब्द तिने प्रथमच मोठ्याने उच्चारले होते. पलीकडचा आवाज बदलला. "उद्या सकाळी साडेनऊला या. डॉक्टरबाईंना सांगून ठेवते. जुनी फाइल आणा आणि बरोबर कोणालातरी आणा."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितले. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. "कधीपासून?"

"दोन-चार दिवस झाले असतील," ती म्हणाली.

"बरं. उद्या दुकान बंद."

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई सहा वर्षांपूर्वीच्याच होत्या, केस तेवढे पांढरे झालेले. त्यांनी दोन बोटांनी व्रण वरपासून खालपर्यंत चाचपला, काख पाहिली, दुसरी बाजू पाहिली आणि मग शेजारच्या खोलीत नेऊन सोनोग्राफी केली. नवरा पडद्यापलीकडे खुर्चीवर बसला होता.

"चौदा मिलिमीटर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नऊ," ती नकळत बोलून गेली. "माझ्या मापात नऊ येतंय."

"कुठल्या मापात?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. तिने पर्समधली वही काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी पाने उलटली. पडद्यापलीकडे खुर्ची करकरली.

"तुमच्या हाताला लागतं ते नुसतं टोक," त्या सावकाश म्हणाल्या. "खाली ती पसरट आहे, वरून कळायची नाही. त्यात चिमटीत धरली की टोकही लहानच लागणार. आणि ही पहिली तारीख… तेवीस दिवस झाले?"

"हो. तेवीस."

मग डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे चार तुकडे घेतले, छाती-पोटाचे आणि हाडांचे स्कॅन लिहून दिले आणि पुढच्या बुधवारी अहवालासाठी बोलावले.

बाहेर आल्यावर नवरा बाकावर टेकला.

"तेवीस दिवस माझ्याशेजारी बसून जेवत होतीस," तो म्हणाला.

"मागच्या वेळी तुमचा चेहरा बघवत नव्हता मला."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? तो आधीपासूनच असा आहे." त्याचा आवाज फाटला. "मला राग आलाय. आज घरी जाऊन तो चांगला काढणार आहे. पण तुला एकटीला हे मोजत बसावं लागलं, ते माझ्यानं… काय करायचं ते सांग."

"बुधवारपर्यंत काही करता येणार नाही. नुसते जवळ असा."

त्याने खरोखरच राग काढला. दोन दिवस तो तिच्याशी मोजके बोलला; स्कॅनच्या दिवशी मात्र तिच्याआधी तयार होऊन दारात उभा होता. या साऱ्या काळात तिने गाठीला हात लावला नाही. सकाळी हात आपसूक वर जाई, तेव्हा ती तो खाली आणी. ते सहा दिवस तेवीस दिवसांपेक्षा लांब गेले.

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"दुखणं परत आलंय. आडपडदा ठेवत नाही. पण व्रणाच्या जागेपुरतंच आहे. फुप्फुसं, यकृत, हाडं स्वच्छ आहेत. तेवढा भाग काढायचा, मग किरणोपचार, मग तुम्ही घेताय त्या गोळ्या बदलायच्या. बरं करण्याच्याच हिशेबानं उपचार करायचे आहेत. शंभर टक्के हमी मी देत नाही, कोणीच देणार नाही. पण आत्ता आपल्या हातात पुष्कळ आहे."

तिने ऐकले. मग तिने विचारले, "मी उशीर केला का?"

"तेवीस दिवसांनी फारसं बिघडलेलं दिसत नाही. चुकलेली तपासणी आणि हे दिवस धरून तुम्हाला बोल लावत बसण्यात मला रस नाही. एकच सांगा. तिसावं माप नऊच आलं असतं तर काय केलं असतंत?"

सोयीचे उत्तर जिभेवर आले होते.

"आणखी तीस घेतली असती," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांनी या उत्तराला नावे ठेवली नाहीत. "पुढच्या आठवड्यातला गुरुवार मोकळा आहे. किंवा त्यापुढचा सोमवार. दोन्ही चालतील."

त्याच गुरुवारी कारखान्याचे ऑडिट सुरू होणार होते. एकतीस वर्षांत एकही ऑडिट तिच्यावाचून झाले नव्हते. "गुरुवार," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने आधी कारखान्याच्या साहेबांना फोन केला. ते दोन वेळा "अरे बापरे" म्हणाले आणि मग ऑडिटचे नावही न काढता, रजेचा अर्ज मागाहून पाठवा, म्हणाले. दुसरा फोन जाऊला. सगळे सांगेपर्यंत पलीकडून एक शब्द आला नाही, ही त्या घराच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी.

"वहिनी, ऐकताय ना?"

"ऐकतेय. जिन्यात मला पुढच्या महिन्याच्या बाता मारत होतीस, तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"अस्सं." जाऊने नाक ओढले. "भांडण बाकी ठेवतेय. तू बरी हो, मग बघते तुझ्याकडे."

"वहिनी, मला फार भीती वाटतेय. गुरुवारी तुम्ही याल का? हे एकटे बाहेर बसले तर घाबरतील. आणि आत नेईपर्यंत मलाही कोणीतरी बडबड करणारं हवंय."

"किती वाजता?"

"सातला दाखल व्हायचंय."

"सहाला खाली तयार उभी असते," जाऊ म्हणाली. "आणि रात्रीपासून उपाशी राहायचं ते लक्षात ठेव. रुग्णालयानं दिलेला सूचनांचा कागद नीट वाच."

"वाचलाय," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून, पायऱ्या एकेक करून, उतरू लागली.