बांधावरच्या दोन चिठ्ठ्या

राजलक्ष्मीच्या गळ्यातली दुर्बीण नवी होती, आणि ती नवी आहे हे जीप तिघऱ्याच्या धरणावर पोचेपर्यंत शरयूला तीनदा ऐकावं लागलं. नवऱ्याने मुंबईहून आणली होती म्हणे. शरयूची दुर्बीण पितळी, एकाच डोळ्याला लावायची. ग्वाल्हेरची फौज भारतीय सैन्यात विलीन झाली तेव्हा तिच्या वडिलांनी ती घरी आणली होती. अजून उत्तम चालायची, पण तिची चौकशी कोण करतंय?

ग्वाल्हेरच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शरयू चौदा वर्षं प्रात्यक्षिकं घेत होती, राजलक्ष्मी तीन. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला त्याला चार महिने होत आले होते. कचेऱ्यांमागून कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या. तिथल्या नव्या पक्षिसंग्रहासाठी विभागप्रमुख माधवरावांनी एक नाव कळवायचं होतं. एकच. शरयूने आजवर काही मागितलं नव्हतं. ही जागा मात्र तिला हवी होती.

"काम दोघींचंही चोख," माधवराव परवा म्हणाले होते. "एखादी नवी नोंद जिच्या नावावर असेल, तिचं नाव पाठवणं मला सोपं जाईल."

माधवरावांच्या मागोमाग जीपमधून उतरून शरयूने सवयीने पाण्यावर नजर फिरवली. दूर चिखलाच्या पट्टीवर एक पांढरा पक्षी एकटाच उभा होता.

"तो बघा, वेगळं बिऱ्हाड मांडून बसलाय," ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण फिरवायला खाली वाकली.

राजलक्ष्मीने दुर्बीण उचलली. "अरे! ताई, रुको जरा... सर, हा आपला नेहमीचा कुरव नाही!"

कुरव हा पाणपक्षी; तिघऱ्यावर दर हिवाळ्यात येतो तो तपकिरी डोक्याचा. मार्चमध्ये त्याचं डोकं गडद होतं आणि लांबून काळंच वाटतं. काळ्या डोक्याचा मोठा कुरव विभागाच्या वहीत अजून एकदाही नव्हता. शेजारी दुसरा पक्षी नसताना आकारावरून काही सांगता येत नाही. पाहायची ती चोच: नेहमीच्याची लाल, मोठ्याची पिवळी, टोकाशी काळा पट्टा.

"बस, आता एक शब्द बोलायचा नाही," माधवराव म्हणाले. "चिठ्ठ्या घ्या."

ही त्यांची पद्धत. नवा पक्षी दिसला की दोघांनी न बोलता वेगवेगळं लिहायचं. चिठ्ठ्या जुळल्या तरच वहीत नोंद, तीही पक्षी प्रथम दाखवणाऱ्याच्या नावावर. दिलेली चिठ्ठी परत मिळत नाही.

शरयूने पितळी नळी जीपच्या टपावर टेकवली आणि श्वास रोखला. जाड, पिवळी चोच. काळा पट्टा. पाय पिवळट. पक्ष्याने मान वळवली, तेव्हा पट्टा पुन्हा दिसला. शंकेला जागाच नव्हती.

तिने बाजूला पाहिलं. परीक्षेतल्या मुलीसारखी राजलक्ष्मी खाली मान घालून भराभर लिहीत होती. नवी दुर्बीण, मुंबईहून वस्तू आणणारा नवरा, तीन वर्षांची नोकरी. आणि आता हेही हिलाच? शरयूची पेन्सिल तिच्या नेहमीच्या नेटक्या अक्षरात चालली: 'अंतर फार. चोचीचा रंग स्पष्ट नाही.' खालच्या रकान्यांवर तिने आडवी रेघ ओढली आणि चिठ्ठी देऊन टाकली.

माधवरावांनी दोन्ही वाचल्या. राजलक्ष्मीची दोनदा.

"गेली नोंद," ते म्हणाले. "जुळत नाहीत. वाईट वाटतं, शरयूबाई. तुमच्या नावावर पडली असती."

"माझ्या?"

त्यांनी राजलक्ष्मीची चिठ्ठी पुढे धरली. चोच पिवळी, पट्टा काळा, पाय पिवळट. आणि शेवटच्या रकान्यात, 'प्रथम कोणी दाखवला' यापुढे: शरयूताई.

"तुम्हीच नाही का म्हणालात, वेगळं बिऱ्हाड?" राजलक्ष्मी म्हणाली. "मी तर त्याच्यानंतर बघितलं. खरं सांगू? लिहिताना जिवावर आलं होतं. वाटलं, ताई तर विसरल्यात, माझंच नाव टाकून देऊ. मग म्हटलं, आयुष्यभर टोचत राहील. त्यापेक्षा जाऊ द्या भोपाळ!"

शरयूने पितळी नळी टपावरून उचलली.

"तुमची दुर्बीण आता थकली, ताई," म्हणत राजलक्ष्मीने आपली दुर्बीण तिच्या गळ्यात अडकवली. "यातून बघा, आहे तोवर."

शरयूने ती डोळ्यांना लावली. आधी जे दिसलं होतं तेच दिसलं. तसूभर जास्त नाही. मग पक्षी उठला, रुंद पंखांनी पाण्यावर एक वळसा घेतला आणि किल्ल्याच्या दिशेने लहान होत गेला.

"दिसली चोच?"

माधवराव दोन्ही चिठ्ठ्या 'अनिर्णित' लिहिलेल्या पाकिटात सरकवत होते.

"दिसली," शरयू म्हणाली. दुर्बिणीचा पट्टा तिने गळ्यातून काढला. "मघाशीही दिसली होती."

माधवरावांचा हात थांबला. राजलक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आपली दुर्बीण परत घेतली, पेटीत ठेवली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.