आडवं कांबळं

डोंगरावर बर्फ दोन प्रकारचं, असं सेखोन्याना म्हणायचा: एक आकाशाचं आणि एक मोखोसीचं. मोखोसी हा त्या एवढ्याशा स्की-उताराचा मॅनेजर. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या या मुलखात हिवाळा जूनचा; कोरड्या रात्री पारा शून्याखाली उतरला की त्याच्या तोफा तळ्यातलं पाणी हवेत फवारायच्या आणि सकाळी तपकिरी डोंगरावर एक पांढरी पट्टी दिसायची, कुणी चादर वाळत घातल्यासारखी. जुलैत वारा त्यातलं निम्मं उडवून न्यायचा. आकाशाचं बर्फ हंगामात दोनतीनदा यायचं, तेही वीतभर. ऑगस्ट सरताना सकाळी नऊलाच पट्टी मऊ पडायची, तिचा पार चिखल व्हायचा. पाहुणे घरी जायचे आणि खरी भीती तेव्हा सुरू व्हायची. मारणारं बर्फ थंडीत येत नाही, थंडी गेली असं वाटलं की येतं. हे मेंढपाळाला सांगावं लागत नाही.

मोखोसीकडे कामाला असलेला सेखोन्याना रोज सकाळी उतारात काठी रोवून बर्फ मोजायचा आणि फळ्यावर आकडा लिहायचा. त्याचा धाकटा भाऊ लेबुसा दरीपलीकडच्या धारेवर चौसष्ट मेंढ्या घेऊन दगडी खोपटात राहायचा. तिथे फोन लागत नाही. पूर्वी त्या धारेवरच्या मेंढपाळांची एक खूण होती. समोरच्या काळ्या कड्याखाली दुपारपर्यंत बर्फ टिकलं की मेंढ्या गावाकडे काढायच्या. आता त्याच कड्याखाली मोखोसीचं बर्फ तीन महिने मुक्काम ठोकून असतं. खूण बुडाली.

मग भावांनी नवी खूण ठरवली. उताराच्या माथ्यावरच्या चहाच्या टपरीच्या भिंतीवर सेखोन्यानाने आपलं लाल कांबळं टांगायचं. पट्टे उभे असले तर सगळं ठीक. आडवे दिसले तर त्याच दिवशी निघायचं. लेबुसाकडे बापाने खाणीतल्या नोकरीवरून आणलेली दुर्बीण होती.

“आडवेच का?” सेखोन्यानाने विचारलं होतं.

“आपल्यातला कुठला मोसोथो माणूस कांबळ्याचे पट्टे आडवे ठेवील, अबुती?” थोरल्याला लेबुसा अबुतीच म्हणायचा. “पट्टे उभे, माणूस वाढता, असं आपल्यात म्हणतातच. म्हणजे चुकून काही व्हायचं नाही.”

दोघेही हसले होते. ही गोष्ट त्यांनी तिसऱ्या कुणाला सांगितली नाही. मोखोसी म्हणाला असता, इथे तुझ्या भावाचं टपालखातं उघडलंय का? त्या टोमण्याच्या भीतीने सेखोन्याना तोंड शिवून बसला. नंतर त्याला त्याची फार लाज वाटली.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी काठी बर्फात लोण्यात शिरावी तशी शिरली. उत्तरेचं गरम वारं पहाटेपासून थांबलं होतं, आणि पश्चिमेला आभाळ शिशासारखं झालं होतं. सेखोन्याना थेट टपरीवर गेला आणि कांबळं आडवं केलं. एवढ्यात खालून निरोप आला: पंप फुटलाय, ताबडतोब ये. तो उतरला, आणि गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस गुडघाभर चिखलात पंपाशीच अडकून पडला. पण मन निवांत होतं. लेबुसा निघाला असणार.

शुक्रवारी दुपारी बर्फ सुरू झालं. रात्रभर पडलं. शनिवारी सकाळी मोखोसी हात चोळत म्हणाला, “जा न्ताते, जा बाबा, आकडा आण. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आलं. मोठ्ठा आकडा आण.”

वर चढायला सेखोन्यानाला दोन तास लागले. टपरीच्या भिंतीवर कांबळं गोठून फळीसारखं ताठ झालं होतं. पट्टे उभे होते.

त्याने टपरीचं दार ढकललं. आत टपरीवाली म्माथाकाने चुलीपाशी होती. पाहुण्यांना चहा आणि सूप देणारी, पन्नाशीची, नीटनेटकी बाई. वादळामुळे ती वरच अडकली होती.

“मे,” बायांना ‘आई’ म्हणायच्या रीतीने त्याने हाक मारली, “कांबळं कुणी सरळ केलं?”

“मी. गुरुवारीच,” ती म्हणाली. “तुम्ही नुकतेच खाली गेला होतात. तुमच्यासारख्या माणसाने असं टांगावं? मला बाई लाज वाटली. पाहुणे काय म्हणतील, यांना आपलं कांबळंसुद्धा कळत नाही?”

तिने चुकीचं काहीच केलं नव्हतं. तिच्या जागी सेखोन्याना असता तर त्यानेही तेच केलं असतं. तो बाहेर आला आणि दरीकडे निघाला. पहिल्याच घळीत छातीपर्यंत रुतला, तेव्हा स्की-लिफ्ट चालवणाऱ्या दोघांनी त्याला ओढून काढलं. “एकाच्या जागी दोन मढी शोधायची का आम्ही?” त्यातला एक ओरडला. त्या दिवशी फळ्यासाठी मोजलेला आकडा आलाच नाही. मोखोसीने स्वतःच अंदाजाने सत्तर सेंटिमीटर लिहिले.

रविवार गेला, सोमवार गेला. आभाळ उघडलं तरी समोरच्या धारेवर धूर दिसला नाही. सेखोन्याना टपरीतच राहिला आणि जेवला नाही. ती मक्याच्या पिठाचा घट्ट पापा शिजवून पुढे ठेवायची आणि तसाच उचलायची. भाऊ पलीकडे आहे एवढं तिला कळलं होतं, कांबळ्याचं काहीच नाही.

मंगळवारी दुपारी लेबुसा आला. पायांना गोणपाट, ओठ काळे, मागे अकरा मेंढ्या. सेखोन्याना आणि म्माथाकाने या दोघांनी त्याला आत घेतलं. थोरल्याने त्याचे पाय मांडीवर घेतले. डाव्या पायाची बोटं मेणासारखी झाली होती. सेखोन्याना ती चोळत राहिला आणि डोळ्यांचं पाणी त्यांच्यावरच पडत राहिलं. बाई सूप वाढायला पुढे आली.

“मी निघालो होतो, अबुती,” लेबुसा हळूहळू म्हणाला. “गुरुवारी सकाळी आडवे पट्टे पाहिले. गाढवावर सामान लादलं. मेंढ्या वाटेला लावल्या. मग म्हटलं, एकदा शेवटचं बघून घेऊ. बघतो तर पट्टे उभे. सामान उतरवलं.” त्याने थोरल्याकडे पाहिलं. “कुणी उभे केले?”

म्माथाकानेचा डाव भांड्यातच राहिला. तिने भिंतीकडे पाहिलं, मग लेबुसाच्या पायांकडे, आणि तिचं तोंड उघडलं.

“मी केले,” सेखोन्याना तिच्या आधी म्हणाला.

लेबुसाने मान डोलावली. “मला तेच वाटलं,” तो म्हणाला. “म्हणूनच तर थांबलो.”