तीन नंबरची काचपट्टी

बावन्न दरवाजांच्या या शहरात हौद दरवाजाला कोण विचारतो? ना गाइडच्या तोंडी त्याचं नाव, ना कुठल्या पाटीवर बाण. पण जाहेदाबीचं बांगड्यांचं दुकान गेली तीस वर्षं त्याच्याच कमानीला टेकून होतं. तिला विचाराल, तर बाकीचे एक्कावन्न याच्यावरून ओवाळून टाकावेत. त्यामुळं जुन्या वास्तूंवर नजर ठेवायला स्वयंसेवक पाहिजेत म्हणून इंजिनियर सोनिया मॅडम आल्या, तेव्हा जाहेदाबीनं फॉर्म पुरता ऐकून घ्यायच्या आधीच सही ठोकली.

काम सोपं होतं. कमानीला एक भेग गेली होती. मॅडमनी तिच्यावर आडव्या अशा पाच काचपट्ट्या प्लॅस्टरनं चिकटवल्या. म्हणाल्या, "भिंत हलली तर काच फुटणार. दर शुक्रवारी पाचही पट्ट्यांचे फोटो पाठवायचे. हात मात्र कुणी लावायचा नाही." तीन महिन्यांत भेग हलल्याचं दिसलं, तर कमानीखालून जाणारे मालाचे टेम्पो बंद आणि दुरुस्ती सुरू. नाही दिसलं, तर दुरुस्तीचा नंबर दुसऱ्या दरवाजाला.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. कमानीसमोर सरूबाईचं फुलांचं दुकान. पट्ट्या लावताना तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. मॅडमनी स्टुलावर चढताना बूट काढले. ओल्या फडक्यानं दगड पुसला. तीन नंबरची पट्टी लावली आणि प्लॅस्टर धरेपर्यंत दोन्ही तळवे टेकून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत उभ्या राहिल्या. आता यावरून माणसानं काय समजावं? दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरवर ओलं हळदीकुंकू!

"अगं सरू, ती काच हाय, देव नाय," जाहेदाबी हसून म्हणाली.

"दगडाचा देव चालतो, मग काचेनं काय घोडं मारलंय?"

वीस वर्षं दोघी एका कपातला चहा बशीत वाटून पीत आल्या होत्या. जाहेदाबीला वाटलं, दोन दिवस लावील आणि विसरंल. कशाची विसरती! आठवड्यात हार आला. पंधरवड्यात पानटपरीवाल्या सर्जेरावनं खाली नारळ फोडला. जाहेदाबीचा सख्खा भाऊ चांदपाशा, तोसुद्धा जाता जाता अगरबत्ती लावून गेला, "अपना क्या जाता?" म्हणाला. दर शुक्रवारी ऑफिसला चार स्वच्छ काचा आणि एक लाल गोळा असे फोटो जायचे, आणि तिकडून कुणीतरी न बघताच अंगठा पाठवायचं.

तीन महिने भरले आणि मॅडमचा फोन आला. "जाहेदाबी, सोमवारी शेवटची पाहणी. चार काचा तर फोटोत धड दिसतायत. तिसऱ्या काचेवर काय आहे ते कळत नाही. असंच राहिलं तर भेग स्थिर आहे, असंच मला लिहावं लागेल."

टेम्पो गेला की जाहेदाबीच्या दुकानातल्या बांगड्या आपोआप वाजायच्या. रोज सकाळी त्यांच्या डब्यांवर पडणारा चुन्याचा भुगा तीच तर झाडत होती. भिंत हलते हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण भुग्याचा फोटो कोण मागतंय? सगळा राग निघाला सरूबाईवर. "तुझ्या कुंकवापायी माझा दरवाजा जाणार! या अल्लाह, कुठं अक्कल गहाण ठेवली मी!" सरूबाईनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवून गजरे ओवत बसली. त्या दिवशी चहा झाला नाही.

सोमवारी सकाळी जाहेदाबी तीन नंबरसमोर येऊन उभी राहिली. पुसायची हिंमत होईना. हातात विकायला काढलेली बांगडी होती. तीस वर्षांची सवय! बांगडी घ्यायच्या आधी ती दुसरीवर वाजवून बघायची. धड काच खणकन बोलते, तडा गेलेली बद्द आवाज करते. डोळ्याला दिसो वा न दिसो. तिनं हळूच पट्टीवर बांगडी वाजवली.

बद्द!

पुन्हा वाजवली. पुन्हा तसंच.

तेवढ्यात मॅडम आल्या. "हात लावू नका म्हणलं होतं ना?"

"हात कुठं लावला, मॅडम? बांगडी लावली," जाहेदाबी म्हणाली. "माझी मान कापा, पण ही काच फुटलीय."

मॅडमनी आधी फोटो काढला, मग ओल्या फडक्यानं कुंकवाचे थर अलगद पुसले. भोवती सरूबाई, सर्जेराव, चार गिऱ्हाइकं, सगळी गल्ली माना उंचावून उभी. काच हळूहळू स्वच्छ झाली. सगळं कुंकू निघालं, फक्त मधोमध एक केसाएवढी लाल रेघ निघेना. मॅडमनी नखानं खरवडली, तरी जाईना. कुंकू तड्यात मुरलं होतं.

मॅडम मग बाकीच्या चार काचांकडं वळल्या. धड दिसत होत्या, अगदी फोटोतल्यासारख्या.

"मावशी," त्या सरूबाईला म्हणाल्या, "तुमचं कुंकू देता जरा?"

आणि गल्लीनं पाहिलं, की सरकारी ओळखपत्र गळ्यात घातलेल्या मॅडम स्टुलावर चढून एकेका काचेला ओलं कुंकू लावतायत आणि पुसतायत. एक आणि पाच नंबर कोरे. दोन नंबरवर लाल रेघ. चार नंबरवर लाल रेघ! सर्जेरावनं शिट्टीच मारली.

"भिंत सरकल्याशिवाय तीन काचा तडकत नाहीत," मॅडम खाली उतरत म्हणाल्या. "टेम्पो आजपासून बंद करायला सांगते. दुरुस्ती इथंच होईल."

सरूबाई कंबरेवर हात ठेवून पुढं झाली. "पटलं का आता? जागृत हाय म्हणून सांगत होते, तर मला अक्कल शिकवीत होती ही!"

जाहेदाबीनं तिला भर रस्त्यात मिठी मारली. हसता हसता डोळे गळायला लागले आणि सरूबाईच्या बोटांचं कुंकू तिच्या ओढणीला लागलं, ते लागू दिलं.

दुपारी कमानीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांब रोवले. टेम्पोवाले शिव्या घालत लांबून वळून गेले. चहाच्या वेळी सरूबाई बशी घेऊन आली, तर जाहेदाबी दुकानात कान देऊन बसलेली.

"काय झालं गं?"

"काय नाय," जाहेदाबी म्हणाली. "ऐक ना. तीस वर्षांत पहिल्यांदा बांगड्या आपोआप वाजंना झाल्यात."