सेकंद बरोबर, साल चूक

मी घड्याळजींच्या खिडकीखालच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय म्हणायचं इतकंच. घरात घड्याळजी एकटे, आणि ते माझ्याशी बोलतात, माझं ऐकत नाहीत.

मला हौसेनं आणवलं त्यांच्या बायकोनं. दुपारची कामं आवरली की मालकीणबाई माझ्यासमोर बसून पत्ते खेळायच्या आणि हरल्या की मलाच लबाड म्हणायच्या. त्या गेल्यापासून माझ्यावर फडकं असतं. फक्त रविवारी अकराला ते निघतं. दूरदेशी राहणारी मुलगी दिसते, तिची वर्षाची लेक रांगत येऊन काचेला नाक लावते, आणि जन्मभर घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मान खाली घालून बसलेला हा माणूस जीभ काढून वेडेवाकडे चाळे करतो.

तीनेक आठवड्यांपूर्वी मी फारच रखडायला लागलो. दुरुस्तीवाला आला, माझं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली आणि इंटरनेट चालवून दाखवून गेला. तिथंच थांबावं की नाही? पण घड्याळजींचे हात शिवशिवले. धूळ झटकायला म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं, तर आत माझी तारीख-वेळ सांभाळणारा, बटणासारखा चपटा सेल दिसला.

"इतकी वर्षं हाच?" असं मलाच रागावून त्यांनी आपल्या डबीतला नवा बसवला.

जुना सेल निघाला आणि मी एकदम मागे, कारखान्यातून बाहेर पडलो त्या सालात जाऊन बसलो. वेळ चुकलेली दिसताच घड्याळजींनी ती मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवली. सालाकडे मात्र पाहिलंच नाही. सगळं आयुष्य काटे जुळवण्यात गेलेलं, साल बघायची सवय कुठून असणार?

झालं! कुठलंही पान उघडायला जावं, तर 'सुरक्षित नाही' म्हणून नकार. चौदा वर्षांपूर्वीची तारीख सांगणाऱ्याला कोण दारात उभं करणार? मला कारण ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

"तू सिस्टीम बदललीस म्हणूनच हे झालं!" घड्याळजी फोनवर दुरुस्तीवाल्याला झापत.

"काका, मी होतो तोवर चालत होतं हो!"

वायर बदलून झाली, राउटर कितीदा तरी बंद-चालू केला. दोन रविवार तसेच गेले. दोन्ही वेळा घड्याळजी इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर बसून राहिले.

मुलगी त्यांच्या साध्या फोनवर म्हणाली, "बाबा, तो डबा भंगारात द्या. मी नवा पाठवते."

"पाठव," ते म्हणाले. मला ते फार लागलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांनी इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, "काका, कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

"वेळ बरोबर आहे. सेकंदाचाही फरक नाही."

"वेळ नाही हो, तारीख. सालासकट वाचा."

घड्याळजींनी चष्मा सारखा केला. वाचलं, आणि फोन कानावरून खाली आला.

"काका, आहात ना?"

"आहे. ह्या साली... ही होती," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साल एका झटक्यात बदलता येतं. त्यांनी तसं केलं नाही. घड्याळाचे काटे पुढे न्यावेत तसं एकेक वर्ष पुढे नेलं. मालकीणबाई गेल्या त्या सालावर बोट थांबलं. इथंच राहू या, असं मला वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. पण अकराला दोनच मिनिटं उरली होती. त्यांनी पुढचं वर्ष दाबलं.

मुलगी दिसली. नात चालत आली, चक्क चालत! आणि आजोबांना बघून आईमागे लपली.

"अगं, आजोबा! ओळखलं नाहीस?"

आजोबांनी जीभ काढून दाखवली. तिनं भोकाड पसरलं.

"राहू दे गं, रडवू नकोस तिला," घड्याळजी म्हणाले. "तू तुझी कामं कर. हे चालू राहू दे फक्त."

तेव्हापासून ती आमच्याकडे पाठ करून डबे रचते आहे आणि ते हात मांडीवर ठेवून तिची पाठ बघत आहेत. मीही आवाज न करता चाललो आहे. माझ्या जागी येणारा नवा वाटेत आहे, असं ऐकतो. येऊ दे. पण आत्ता मला कोणी बंद करू नका. ती कधीही वळून बघेल.