बाईसाहेबांच्या नावावर

गादी उभी केली आणि मुलाने नाक दाबलं.

"अरे देवा! बाबा, हे सगळं बाईसाहेबांचं?"

गादीच्या मधोमध मोठा पिवळट डाग होता आणि त्याच्या भोवती जुन्या डागांच्या कडा. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पलंग, कपाट, भांडीकुंडी सगळं उतरवून झालं होतं. राहिली होती ही गादी, खुर्चीत बसलेले टाइमकीपर, आणि खिडकीत उन्हाला पसरलेली त्यांची म्हातारी मांजर, बाईसाहेब.

"मग कोणाचं, माझं?" टाइमकीपर म्हणाले आणि हसले.

मुलगाही हसला. सून दोरी गुंडाळत होती, ती हसली नाही. "नक्की ना, बाबा?"

"अगं, आता काय शपथ घेऊ?"

डाग टाइमकीपरांचाच होता. मांजर बिचारी जन्मात कधी चुकली नव्हती. मागचे पाय धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, तोंडात औषधालाही दात नाही. तरी गॅलरीतल्या वाळूच्या टबापर्यंत ती फरफटत जायची, काम उरकून वाळू नीट ओढायची आणि मगच परत यायची. ही शिस्त टाइमकीपरांच्या बायकोची. मांजर तिनेच आणली होती. कोणीही आलं तरी जागची हलत नाही म्हणून 'बाईसाहेब' हे नावही तिनेच ठेवलं. मरताना तिने नवऱ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. "हिला तेवढं बघा," एवढंच म्हणाली होती.

पहिल्यांदा झालं त्या सकाळी सून चहा घेऊन दारात उभी, टाइमकीपर ओल्या अंथरुणात, आणि पायथ्याशी मांजर मुटकुळं करून झोपलेली. "बाईसाहेबांचे प्रताप बघ," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग दर खेपेला तेच निघायला लागलं.

ही अक्कल त्यांना आली कुठून म्हणाल, तर कारखान्याच्या गेटवरून. सगळी नोकरी त्यांनी गेटच्या घड्याळाखाली बसून काढली. उशिरा येणारा माणूस काय काय सबबी सांगतो ते ऐकून त्यांचे कान किटले होते. कोणाची सायकल पंक्चर, कोणाची सासू अत्यवस्थ, एकाचा तर काका दर वर्षी मरायचा. टाइमकीपर कोणाला म्हणून सोडत नसत. सायकल दाखव म्हणायचे, सासूला घेऊन ये म्हणायचे. लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यातून एक गोष्ट मात्र ते पक्की शिकले. ज्याच्यावर खापर फोडायचं, त्याला तोंड असलं की आपण गोत्यात आलोच. बाईसाहेबांना म्यांवपलीकडे काही येत नव्हतं.

आणि खरं सांगायची सोय तरी कुठे होती? तळमजल्यावरच्या मास्तरांचं असंच सुरू झालं, तर महिन्याभरात त्यांच्या मुलांनी त्यांना संस्थेत नेऊन टाकलं. टाइमकीपर एकदा भेटायला गेले होते. ओळीने खाटा, ओळीने म्हातारे, आणि चौथीतल्या पोराला दम द्यावा तसा मास्तरांना दम देणारी बाई. "बरोबर केलं त्यांनी," मुलगा घरी जेवताना म्हणाला होता. "किती दिवस काढणार माणूस?" त्या दिवसापासून टाइमकीपरांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं. उपयोग काही झाला नाही.

"ही गादी इथेच टाकायची," मुलगा म्हणाला. "आणि बाबा, स्पष्टच सांगतो. तिकडे सगळं नवीन आहे. बाईसाहेबांना मी नेणार नाही."

"मग कुठे ठेवणार तिला?"

"असल्या मांजरीला कोण ठेवून घेणार? दवाखाना वाटेतच आहे. एक इंजेक्शन. तिचेही हाल संपतील, आपलेही."

टाइमकीपरांनी मांजरीकडे पाहिलं. तिने एक डोळा उघडला, हे काय चाललंय ते बघितलं आणि परत मिटला.

"आधी डॉक्टरांना दाखवू तरी," सून म्हणाली. "मी जाते बाबांबरोबर."

खोक्याला भोकं टाइमकीपरांनीच पाडली. आत स्वतःचा जुना स्वेटर अंथरला. बाईसाहेब कुरकुर न करता आत गेल्या. स्वेटरला टाइमकीपरांचा वास होता, तिला तेवढं पुरलं.

डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. त्याने मांजरीचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, शेपटी उचलली.

"हिला झालंय काय?"

"अंथरुण ओलं करते," सून म्हणाली.

"मूत्राशय तर ठीक लागतंय. मागे कुठे माखलेली नाही, केस स्वच्छ आहेत. घरात आणखी कुठे करते?"

"नाही. फक्त बाबांच्या अंथरुणात."

डॉक्टरने मान वर केली. टाइमकीपर भिंतीवरचं कुत्र्यांचं चित्र बघत होते.

"फक्त तिथेच? वाळूत जाते ना?"

"वाळूतही जाते," सून म्हणाली.

"मग मला तरी हे जरा..." डॉक्टरने वाक्य सोडून दिलं. "हे बघा, वय झालंय तिचं, पाय गेलेत. मालकाने इंजेक्शन द्या म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या मनाने मी देणार नाही. ती अजून जगेल."

सून टाइमकीपरांसमोर येऊन उभी राहिली. आवाज तिने अगदी खाली आणला. "बाबा, मांजर तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. घाई नाही. नीट विचार करून सांगा."

टाइमकीपरांच्या डोळ्यांपुढे खाटांची ती ओळ उभी राहिली. बायकोही आली, पण तिला त्यांनी मागे सारलं. एवढंच तर म्हणायचं होतं, की पोरी, ती नाही, मी. चार शब्द. गेटवर कितीतरी माणसांना त्यांनी सुनावलं होतं, की खरं बोलून टाक, सोडतो. खरं बोललेल्यांनाही त्यांनी कधी सोडलं नव्हतं.

"द्या," ते म्हणाले. "हाल नकोत तिचे."

सुनेने त्यांच्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग ती बाजूला झाली.

"धरा तिला. ओळखीचा हात लागला की शांत राहते," डॉक्टर म्हणाला.

टाइमकीपरांनी धरलं. हात लागताच बाईसाहेब घुरघुरायला लागल्या. सुई गेली तरी घुरघुरत होत्या. त्यांच्या तळव्याला ते घुरघुरणं कळत होतं, मग कमी कळायला लागलं, मग काहीच कळेना. डॉक्टरने सांगेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

बाहेर टेम्पोशेजारी मुलगा उभा होता. "आटोपलं?" त्याने बापाच्या हातातून रिकामा खोका घेतला, आतला स्वेटर झटकला, आणि पुढच्या सीटवर सुटा राहिलेला टेबलफॅन खोक्यात बसवला. "बरं झालं, खोका आणलात. मघापासून सांभाळत बसलो होतो ह्याला."

नव्या घरात टाइमकीपरांना स्वतंत्र खोली मिळाली. खिडकी मोठी, फरशी गुळगुळीत, पलंगावर नवी गादी आणि कडक इस्त्रीची चादर. पहिल्या रात्री ते पलंगावर आडवे झालेच नाहीत. खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. "बाबांना मांजरीचं लागलंय," असं मुलगा बायकोला म्हणाला ते त्यांनी ऐकलं, आणि ते खरंही होतं. पण म्हातारं शरीर किती दिवस खुर्चीत बसणार? तिसऱ्या रात्री ते जरा पाठ टेकायला म्हणून आडवे झाले आणि मेल्यासारखे झोपले.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मांड्या थंडगार पडल्या होत्या. सून चहा घेऊन दारात उभी होती.

"बाईसा..." सवयीने त्यांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

कप तिने खिडकीत ठेवला, दार लोटलं आणि त्यांना दंडाला धरून उभं केलं. मग एका झटक्यात तिने चादर ओढली. चादरीखाली हिरवं मेणकापड होतं. चारी बाजूंनी गादीखाली नीट दुमडून बसवलेलं. गादीला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

टाइमकीपर त्या मेणकापडाकडे बघत राहिले.

"हे कधी घातलंस?"

"सामान लावलं त्याच दिवशी."

"म्हणजे तुला..."

"कपडे मीच धुते ना बाबा. चादरीबरोबर तुमचा पायजमाही ओला असायचा."

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस?"

सुनेने मेणकापड फडक्याने पुसलं. पुसून झालं तरी ती तीच जागा पुसत राहिली.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली.

टाइमकीपरांनी भिंतीला हात टेकला.

"त्याला सांगणार आहेस?"

"ह्यांना? नाही. तेव्हाही सांगितलं नसतं. तुमचं मी सगळं करणारच होते." तिने कपाटातून धुतलेला पायजमा काढून खांद्यावर टाकला आणि त्यांच्या पुढ्यात खाली बसली. "भिंत सोडू नका. पाय उचला."

त्यांनी पाय उचलला.

"आता दुसरा."