लग्नं थोरलीची, मयतं माझी

मी घंटा बोलतेय. वर मनोऱ्यात मिरवतेय ती नव्हे हो! खाली, चर्चच्या पडवीत टांगलेली धाकटी. खरं तर वयानं मीच मोठी, पण थोरली म्हणायचं तिला. असा इथला न्याय.

माझा जन्म जर्मनीतल्या एका खेड्यात. तिथल्या राजाला गावकऱ्यांची प्रार्थनेची रीत खपेना, म्हणून अडतीस कुटुंबं जहाजात बसली आणि मला गोधडीत गुंडाळून ऑस्ट्रेलियाला घेऊन आली. ॲडलेडपासून दोन तासांवर त्यांनी लिंडेनबाख वसवलं. चर्च उभं राहायला चौदा वर्षं लागली. तोवर मी निलगिरीच्या फांदीला लटकत होते. बारसं, लग्न, आग, सगळं गावाला मीच सांगायची. काय दिवस होते!

मग मनोरा झाला आणि ही बया आली. माझ्या तिप्पट वजनाची. सगळं गाव माना वर करून बघत राहिलं. त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही. लग्नं तिची झाली, नाताळ तिचा झाला, आणि मयतं माझी. कुणी गेलं की त्याच्या वयाइतके टोले मी द्यायचे. लोक हातातलं काम टाकून मोजायचे आणि कोण गेलं ते ओळखायचे. पहिल्या महायुद्धात सरकारनं गावाचं जर्मन नाव पुसलं, शाळा बंद पाडली. लढाईवर गेलेल्या पोरांचे एकोणीस, वीस, बावीस मीच वाजवले. थोरली तेव्हा वर झोपून होती.

मला एकदा, फक्त एकदा, आनंदानं वाजायचं होतं.

आता गावात चाळीसेक माणसं उरलीत, बहुतेक सत्तरीपुढची. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याची मयूरा रीजनल व्हिसावर, म्हणजे आडगावात राहून काम करायच्या अटीवर, इथे आली. वृद्धाश्रमात नर्स आहे. तिची शाल्मली तीन वर्षांची, गावातलं एकुलतं एक लेकरू. चर्चची किल्ली सांभाळणारा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हर्बर्ट तर या पोरीपायी वेडा झालाय.

गेल्या रविवारी मयूरानं सासूबाईंना चर्च बघायला आणलं. मंजिरीबाई नुकत्याच भारतातून आलेल्या. मयूरा कारमध्ये शाल्मलीच्या सीटचा बेल्ट सोडवत होती, तोवर या पुढे आल्या. पडवीत चपला काढल्या, मला पाहिलं, पदर सावरला आणि देवळात शिरताना वाजवतात तसं मला वाजवलं. टण्, टण्, टण्.

तीन!

माझा जीवच गेला. गावात तीन वर्षांचं दुसरं आहे कोण?

पटापट दारं उघडली. काठ्या, वॉकर, एप्रन, जो तो होता तसा धावला. हर्बर्ट एका पायात गमबूट घालून आला. पडवीत एकट्या मंजिरीबाईंना बघून तो शाल्मलीला हाका मारायला लागला. तेवढ्यात शाल्मलीला कडेवर घेऊन मयूरा आली. पोरगी चकली खात होती.

हर्बर्ट हमसून हमसून रडायला लागला. रडत रडतच त्यानं टोल्यांची रीत सांगितली. मयूरानं ती सासूबाईंना मराठीत सांगितली.

"अगं बाई! माझ्याच हातानं?" मंजिरीबाईंनी नातीला ओढून छातीशी धरलं. "मयूरा, त्यांना विचार, हे परत कसं घ्यायचं?"

घेता येत नाही. दीडशे वर्षांत कुणी टोला परत घेतलेला नाही. पण मयूरानं विचारताच हर्बर्टनं बाहीनं नाक पुसलं.

"नो वरीज," तो म्हणाला. "अजून एक द्यायचा. चार वर्षांचं गावात कुणीच नाही. म्हणजे कुणी गेलंच नाही!"

त्यानं शाल्मलीला उचललं. तिनं चकलीच्या तेलकट हातांनी माझा दोर धरला आणि ओढला.

टण्!

सगळे हसले, रडले, टाळ्या पिटल्या. "अगेन!" शाल्मली ओरडली. "नो!" अख्खं गाव एका सुरात ओरडलं.

मला हवं होतं ते मिळालं. वर थोरलीनं नक्की ऐकलं असणार, आणि मला त्याचा भारी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

पण ते पहिले तीन टोले माझ्यातून अजून जात नाहीत. म्हणून एक मागणं आहे. या पोरीचे टोले माझ्या वाट्याला कधी येऊ नयेत. ती मोठी होऊ दे, तिचं लग्न इथे लागू दे, आणि त्या दिवशी थोरलीच दिवसभर घणघणू दे. मी जळेन, पण गप्प बसेन.